आर-एसचा घोळ आणि बाळंतशोपांचा वास

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला कार्व्होन या वासाच्या रेणूबद्दल विचारलं, "आर-कार्व्होन प्रकाश कुठे वळवतो?" आर म्हणजे राइट, असं धरून मी ठोकून दिलं, "उजवीकडे." तो वळवतो डावीकडे! आर आणि एस ही एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांना, कार्बनला जोडलेल्या गटांचा क्रम लावून दिलेली नावं. प्रकाश (म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, ध्रुवित प्रकाश) कुठे वळतो ते पोलॅरिमीटरलाच, म्हणजे ते वळणं मोजणाऱ्या उपकरणालाच, विचारायचं. नव्यानं स्टिरिओकेमिस्ट्री (रेणूंच्या त्रिमितीय रचनेचा अभ्यास) घेणाऱ्यांनी हे पहिल्या आठवड्यातच पक्कं करा.

कार्व्होन मात्र तेव्हापासून माझा लाडका. त्याचं आर रूप स्पिअरमिंटच्या च्युइंग गममध्ये, एस रूप बाळंतशोपांत. अणू तेच, बंध तेच, उत्कलनबिंदूही तोच. फरक आरशातल्या प्रतिमेइतकाच. शोपांचे चार दाणे चुरडून हुंगा, मग च्युइंग गम हुंगा. (शोपांत इतरही तेलं असतात, पण फरक लपत नाही.) नाकातले रिसेप्टर (वासाचे रेणू ओळखणारे ग्राहक) प्रथिनांचे, प्रथिनं एल-अमिनो आम्लांची, म्हणजे आरशातल्या दोन रूपांपैकी एकाच रूपाची. म्हणजे रेणू जिथे बसतो तो कप्पाच एका हाताचा, डावा किंवा उजवा. डाव्या चपलेत उजवा पाय घातल्यावर होतं तेच इथे होतं.

रेणू रिसेप्टरला तीन ठिकाणी जुळतो असं दाखवणारं ईसन आणि स्टेडमन यांचं 1933चं तीन बिंदूंचं चित्र पुस्तकात बघून मला कळलं नव्हतं. होस्टेलवर कणकेच्या गोळ्यात चार टूथपिक खोचल्या, टोकं रंगवली आणि कागदावर लाल, निळा, हिरवा ठिपका काढला: गोळा म्हणजे रेणू, कागद म्हणजे रिसेप्टर. पहिला गोळा तिन्ही ठिपक्यांवर बसला. दोन रंगांची अदलाबदल केलेला दुसरा कितीही फिरवला तरी दोन ठिपके जुळायचे, तिसरा हटून बसायचा. तेवढ्यात रूममेटनं तो गोळा कागदाच्या खालच्या बाजूनं लावला, आणि बसला की! चित्रातलं न लिहिलेलं गृहीतक तिनं पकडलं होतं: रेणूला एकाच बाजूनं आत शिरता आलं पाहिजे. खऱ्या रिसेप्टरचा कप्पा खालून बंदच असतो.

औषधांकडे वळाल तेव्हा सालब्युटामॉल या दम्याच्या औषधापासून सुरुवात करा. दम्याच्या नेहमीच्या पंपात दोन्ही रूपं सारखीच असतात, पण श्वासनलिका सैल करण्याचं काम आर रूपाचं. लेव्होसालब्युटामॉल म्हणजे नुसतं तेच. पण म्हणून प्रत्येक रेसिमिक (दोन्ही रूपं सारख्या प्रमाणात असलेल्या) औषधाला "निम्मं वाया" लिहून मोकळं होऊ नका. आयबुप्रोफेन या वेदनाशामकात वेदना कमी करणारं रूप एस, आणि आर रूपाचा बराचसा भाग शरीरातच एस होतो.