रुग्णसेवेच्या कोर्सला जाण्याआधी: घरी बसून घालायचा पाया

दहावी-बारावीनंतर ‘हॉस्पिटल लाइनला’ जायचंय असं म्हणणारी मुलंमुली दरवर्षी भेटतात. त्यांना जो कोर्स करायचा असतो त्याला नावं बरीच आहेत. आपल्याकडे हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमात त्याला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात. अमेरिकेत पेशंट केअर टेक्निशियन म्हणतात आणि तिथे बहुतेक ठिकाणी रक्त काढणं, ईसीजी काढणं हेही त्यात येतं. वॉर्डात मात्र पेशंट हाक मारतात ती ‘मावशी’ नाहीतर ‘मामा’ अशीच. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते, नंतर अशा मुलांना शिकवलं. कोर्समध्ये मागे पडतात ती बहुधा इंग्रजीमुळे नाही, तर नीट बघायची आणि बघितलेलं नेमकं सांगायची सवय नसल्यामुळे. डॉक्टर राउंडला येऊन पाच मिनिटांत पुढे जातात, सिस्टरकडे डझनावारी पेशंट असतात. अंग पुसताना, पाजताना, कूस बदलताना पेशंटच्या सगळ्यात जवळ असता ते तुम्ही. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी पुढच्या गोष्टी क्रमाने करा. खर्च फार तर एका थर्मामीटरचा आणि बीपीच्या यंत्राचा, तेही शेजाऱ्यांकडून मागून आणता येतं.

१. आपलं कुंपण कुठवर ते आधी समजून घ्या

इंजेक्शन देणं, गोळी स्वतःच्या मनाने देणं, सलाईनचा वेग बदलणं, ऑक्सिजन वाढवणं-कमी करणं, नाकातून राइल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) घालणं ही तुमची कामं नाहीत. नातेवाईक गयावया करतील, ‘मामा, जरा सलाईन जोरात सोडा ना, लवकर संपेल.’ हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला त्या ‘जरा’ने छातीत पाणी होऊन दम लागू शकतो. ‘सिस्टरना सांगतो’ एवढंच उत्तर द्यायचं आणि खरंच जाऊन सांगायचं. रिपोर्टमध्ये काय आलंय हेही तुम्ही सांगायचं नाही, माहीत असलं तरी.

याच पायरीवर आणखी एक सवय लावून घ्या. पेशंटची ओळख खाटेच्या नंबरवरून ठरवू नका, कारण खाटा बदलतात. पूर्ण नाव आणि मनगटावरच्या पट्ट्यावरचा नोंदणी क्रमांक, दोन्ही जुळले पाहिजेत. आणि विचारायचं ते ‘तुमचं नाव सांगा’ असं. ‘तुम्ही पाटीलच ना?’ असं विचारलं की कमी ऐकू येणारे आजोबा जाधव असले तरी मान हलवतात.

२. हात धुवायला शिका, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शिका

१८४७ मध्ये व्हिएन्नातल्या एका प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्या काळच्या बऱ्याच डॉक्टरांना ते पटलं नाही. आज सगळ्यांना पटतं, तरी हात धुतले जात नाहीत.

साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाने) २० ते ३० सेकंद. घड्याळ लावून बघा, आपण नेहमी किती लवकर उरकतो ते कळेल. अंगठा, बोटांच्या बेचक्या आणि नखांची टोकं हमखास राहून जातात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. हाताला घाण दिसत असेल किंवा जुलाबाच्या पेशंटचं काम केलं असेल तर हँडरब चालत नाही, साबणच हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी वगैरेंशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. पाचवी वेळ सगळेच विसरतात. खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, लॉकर यांनाही पेशंटचे जंतू चिकटलेले असतात. हातमोजे घातले म्हणजे धुण्यातून सुटका नाही, काढल्यावरही धुवायचेच.

३. टीपीआर आणि बीपी: घरच्यांवर सराव करा

टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन मिळून टीपीआर. या पायरीला किमान पंधरा दिवस द्या. घरातल्या प्रत्येकाचं रोज मोजा आणि वहीत लिहा.

ताप: तोंडात साधारण ९८.६ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३७ सेल्सियस. काखेत त्याहून साधारण अंशभर कमी येतो, म्हणून आकड्याशेजारी ‘काख’ की ‘तोंड’ ते लिहायचं. काख घामेजलेली असेल तर आधी टिपून घ्या. नुकताच चहा प्यायलेल्या माणसाच्या तोंडात थर्मामीटर ठेवला तर ताप चहाचा येतो. पंधरा-वीस मिनिटं थांबा.

नाडी: मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, आपली तर्जनी आणि मधलं बोट ठेवून. आपला अंगठा वापरायचा नाही, त्याची स्वतःची नाडी जाणवते. मोठ्या माणसाची ६० ते १००. पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर मधेच चुकणारा ठोका हातून निसटतो, आणि तोच तर सांगायचा असतो.

श्वास: मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २०. हा आकडा सगळ्यात जास्त वेळा खोटा लिहिला जातो. शिकत असताना मीही लिहिला आहे. एका रात्री चार्टवर ओळीने सगळ्यांच्या पुढे ‘१८’ लिहून मोकळी झाले. आमच्या सिनियर सिस्टरनी काही न बोलता मला एका आजींच्या खाटेशी नेलं आणि घड्याळ हातात दिलं. मोजले तर ३२. मी लाजेने गप्प, आणि त्या डॉक्टरांना फोन करायला निघूनही गेल्या होत्या. तब्येत ढासळू लागते तेव्हा श्वास बहुधा बीपीच्या आधी बदलतो. मोजताना पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो श्वास मुद्दाम घेऊ लागतो. नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावर तशीच ठेवायची आणि नजर छातीकडे न्यायची.

बीपी: पाच मिनिटं शांत बसवून मग. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको, मोजताना गप्पा नकोत. पट्टा बाहीवरून नाही, उघड्या दंडावर बांधायचा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटंच जास्त येतं. एकदा नीट बसवून मोजा, मग लगेच पाय लोंबकळत, बोलत असताना मोजा आणि फरक वहीत लिहा. डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा जोड) केलेल्या हाताला, सलाईन चालू असलेल्या हाताला आणि स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला पट्टा बांधायचा नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची ओळख कोरोनाने घराघरात करून दिली. साधारण ९५ च्या पुढे हवं. बोटं गार असतील किंवा नखाला गडद नेलपॉलिश असेल तर आकडा फसवतो. फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या काही पेशंटना डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ वर ठेवतात. कुंपणाची गोष्ट आठवा: आकडा सांगायचा, ऑक्सिजनच्या चावीला हात लावायचा नाही.

४. पेशंटची भाषा ऐका

पुस्तकात ‘चेस्ट पेन’ असतं. साताऱ्याकडची आजी म्हणते, ‘जीव घाबरा होतोय गं.’ कुणी म्हणतं कसंतरी होतंय, कुणी छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. हार्ट अटॅक असाही येतो, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि मधुमेह्यांना, छातीत कळ न येताही. घाबरं होतंय आणि अंगाला गार घाम सुटलाय, तर साखर उतरलेलीही असू शकते. ७० च्या खाली गेली की ती कमीच. दोन्ही वेळा तुमचं काम एकच, धावत जाऊन सांगणं.

म्हणून एक वही करा आणि घरच्या-शेजारच्या माणसांचे शब्द गोळा करा. ठणकणं, चमक निघणं, कळ येणं, मुंग्या येणं, पिळवटणं, उमासे येणं, भोवळ येणं, गरगरणं. प्रत्येक शब्दाचं दुखणं वेगळं असतं. भोवळ म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी आली की खोली फिरली, ते विचारून घ्या. सिस्टरना सांगताना पेशंटचाच शब्द सांगा, आपल्या मनाने त्याचं ‘ॲसिडिटी’ करू नका. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर हे कधी सुरू झालं ती वेळ घड्याळात बघून ठेवा. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.

चार्टवरचे थोडे संक्षेपही पाठ करा. एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. ऑपरेशनआधी ‘एक घोट चहा’ पाजणाऱ्या मायाळू माणसांमुळे ऑपरेशनं पुढे ढकलली जातात.

५. अंथरुणाला खिळलेला माणूस

दर दोन तासांनी कूस बदलायची, हा कोर्समधला नियम. बेडसोर होतो तो हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून तिथलं रक्त अडल्याने. घरात कुणाला आडवं करून बघा की गादीला काय काय टेकतं: डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, कोपरं, माकडहाडाचा भाग, टाचा. कुशीवर वळवलं की खुबा आणि घोटे. तिथे लाली दिसली तर बोटाने दाबा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर दाब काढा आणि लक्ष ठेवा; दाबूनही तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झाली आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा हाताला गरम किंवा टणक लागतंय का, रंग जास्त काळवंडलाय का ते बघा. तिथे तेल लावून चोळायचं मात्र नाही, आतली कातडी आणखी दुखावते.

वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढू नका. खाली घातलेली ड्रॉशीट (पाठी-कमरेखालची आडवी चादर) दोघांनी दोन्हीकडून धरून उचलायची. लकवा झालेल्या पेशंटला खुर्चीत घेताना व्हीलचेअर चांगल्या बाजूला लावा, ब्रेक घाला, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. आधी खाटेच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा. एकदम उभं केलं की बीपी उतरून माणूस कोसळतो. लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. आणि स्वतःची कंबर सांभाळा, गुडघ्यात वाका. या कामात पाठ गेली की नोकरी गेली.

भरवताना पेशंटला उठवून बसवायचं आणि नंतरही अर्धा तास लगेच आडवं करायचं नाही.

६. आत किती गेलं, बाहेर किती आलं

आयओ म्हणजे इनटेक-आउटपुट चार्ट ऐकायला अवघड, करायला स्वयंपाकघरातलं काम. मापाचा ग्लास घेऊन घरातला स्टीलचा पेला, चहाचा कप, आमटीची वाटी किती मिलीची ते मोजून लिहा. पेज, ताक, डाळीचं पाणी, सगळं ‘आत’मध्ये धरायचं. ‘बाहेर’मध्ये लघवी, उलटी, पातळ जुलाब, नळीतून आलेलं. ‘लघवी झाली’ ही नोंद नाही, ‘२५० मिली, गडद पिवळी’ ही नोंद. मोठ्या माणसाला तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान अर्धा मिली तरी व्हायला हवी. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला सहा तासांत १५० मिलीही झाली नाही, तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

युरोबॅग (नळीतून आलेली लघवी साठते ती पिशवी) नेहमी मूत्राशयाच्या खाली राहील अशी अडकवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. ट्रॉलीवर घेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवलेली मी अनेकदा पाहिली आहे. पिशवीतली लघवी उलट आत जाते.

७. कचऱ्याचे रंग आणि सुई

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे: रक्त-पू लागलेला कापूस, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. नळ्या, युरोबॅग, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या, अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाच्या कुप्या) निळ्यात. चादरीच्या घडीत विसरलेली सुई बहुतेक वेळा मावशी-मामांनाच टोचते, म्हणून चादर झटकून नाही, बघून गोळा करायची. टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच क्षणी सांगा. एचआयव्ही टाळण्याचं औषध जितकं लवकर तितकं बरं, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ओरडा बसेल म्हणून गप्प बसू नका. कावीळ ‘बी’च्या लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, त्यामुळे प्रवेश घेण्याआधीच पहिला घ्या.

८. हँडओव्हर बोलून बघा

ड्यूटी बदलताना पुढच्याला सांगायचं ते मोठ्याने, आरशासमोर किंवा भावंडासमोर म्हणून बघा. ‘सगळं ठीक आहे’ हे हँडओव्हर नव्हे. असं म्हणा: ‘खाट सात, शांताबाई जाधव, वय ७०, डावा लकवा. दोन वाजता उजव्या कुशीवर केलंय, चार वाजता बदलायचंय. डाव्या टाचेला लाली आहे, दाबून जात नाही, सिस्टरना सव्वादोनला सांगितलंय. दुपारपासून ४०० मिली आत, १८० बाहेर. जेवताना दोनदा ठसका लागला, तेव्हा पुढचं काही देण्याआधी सिस्टरना विचार.’