गळ टाकायला जाताना रिकामी बाटली न्या
वरळी, बँडस्टँड, मरीन ड्राइव्ह, कुठेही गळ टाकून बसलात तर सोबत रुंद तोंडाची झाकणवाली बाटली ठेवा, तुटलेला तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गंजलेले हुक सगळं तिच्यात, कारण नायलॉनचा तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही आणि बगळ्यांच्या, कुत्र्यांच्या पायात अडकून पार मांसात रुततो, बघवत नाही हो. कोळंबीच्या पिशव्या, चहाचे कप आधीच्या लोकांचे असले तरी उचला, पण भरती चढायच्या आत, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाणी जास्तच वर येतं आणि सगळं ओढून नेतं. हुक पकडीनेच उचला. टेट्रापॉडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या फटीत अडकलेलं मात्र राहू द्या, शेवाळावर पाय सटकतो. घरी तंगूसाचे बारीक तुकडे करून मगच सुक्या कचऱ्यात टाका.