बाबांची कानस, आईची सुरी

घरच्या माणसासाठी स्वतः सुरी घडवायची असेल तर आधी एकच ठरवा: ती कोण वापरणार? माझ्या आईचा जन्म विळीवर गेला. आता गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही. ओट्याशी उभं राहून चिरायचं, तर बाजारातल्या सुऱ्यांच्या मुठी तिच्या हाताला जाड पडतात. म्हणून तिचा पंजा कागदावर आखून घेतला आणि त्या मापानं सहा इंची पात्याचा नमुना पुठ्ठ्यात कापला. पुठ्ठ्याची सुरी तिच्या हातात देऊन बघितल्याशिवाय लोखंडाला हात लावला नाही.

पोलाद बाबांच्या पेटीतलं. ते फिटर होते. त्यांची एक झिजलेली कानस निवडली. चांगल्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडा जास्त असतो, त्यामुळे धार टिकते. पण आठवणीची प्रत्येक वस्तू धार धरत नाही, हे नव्यानं शिकणाऱ्यांनी मनावर घ्यावं. जुन्या घराच्या खिडकीचा गज कितीही जिव्हाळ्याचा असला तरी ते साधं लोखंड. पाणी देऊनही, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करूनही, मऊच राहणार. काही स्वस्त कानशी तर नुसत्या वरून कडक असतात. एक तुकडा तापवून तेलात बुडवा आणि मोडून बघा: काचेसारखा कट्कन तुटला आणि आतून बारीक दाणा दिसला तर ठीक. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका, तो धूर विषारी असतो.

सुरुवातीला घण-ऐरणीच्या मागे लागू नका. कानस लाल करून रात्रभर राखेत पुरली की मऊ होते, मग करवत आणि दुसरी कानस पुरते. पात्यावरचे जुने दाते पूर्ण घासून काढा, नाहीतर पाणी देताना त्याच खाचांतून तडा जातो. मी फक्त पाठीवर, जिथे बोट टेकत नाही तिथे, थोडे दाते ठेवले. धारेची कड या टप्प्यावर दीड मिलिमीटर जाड असू द्या. मुठीची भोकंही आत्ताच पाडा. नंतर ड्रिल चालणार नाही.

पाणी देणं म्हणजे खरी परीक्षा. हे काम संधिप्रकाशात करा, उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. ७७० अंशांच्या सुमारास लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याहून जरा पुढे जाऊ द्या. मग साधारण ५० अंश गरम केलेल्या शेंगदाणा तेलात टोकाकडून सरळ खाली सोडा. आडवं हलवलंत तर पातं वाकतं. भांडं लोखंडीच हवं, झाकण हाताशी हवं, कारण तेल पेट घेऊ शकतं. थंड झाल्यावर कानस फिरवा: नुसती घसरली तर पातं कडक झालं. पण ते तसंच ठेवलं तर पडताच फुटेल, म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवा. घासलेल्या जागी गव्हाळ रंग दिसायला लागतो. यापुढे धार लावताना पातं सारखं पाण्यात बुडवा. रंग निळा पडला की तेवढा भाग मऊ झाला म्हणून समजा.

मुठीला विळीचा सागवानी पाट वापरला. तो एका टोकाला चिरलेला होता, तरी आईला विचारूनच कापला. दोन फळ्या, पितळी रिबिटी, अराल्डाइट, वरून जवसाचं तेल. घासताना तोंडाला मास्क हवाच. पात्यावर नाव कोरू नये असं माझं ठाम मत आहे. कानशीचे दाते आणि पाटाच्या रेषा घरातली माणसं बरोबर ओळखतात.

शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला परवान्याचा प्रश्न येतो. घरकामाच्या आणि शेतीच्या हत्यारांना सूट आहे, तरी मापात राहिलेलं बरं.

पहिली पूजा खंडेनवमीला बाबांच्या बाकीच्या हत्यारांबरोबर झाली. हे पोलाद गंजतं, म्हणून लिंबू-कैरी चिरली की आई पातं लगेच धुऊन पुसते, खोबरेल तेलाचं बोट फिरवते. पातं हळूहळू करडं पडतं. तो रंग घासून काढू नका, गंजाला तोच अडवतो.