व्हॅल्यू रिकामी आलीय की आलीच नाही, आधी ते ठरवा

फॉर्ममधली व्हॅल्यू चेक करताना बरेचजण सरळ इफमधे (if, म्हणजे अट तपासणारी ओळ) ती व्हॅल्यू टाकून मोकळे होतात आणि तिथेच घोळ होतो, कारण जावास्क्रिप्टच्या इफला 0, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर), नल (null, मुद्दाम रिकामं ठेवलेलं), अनडिफाइन्ड (undefined, व्हॅल्यू दिलीच नाही), नॅन (NaN, आकडा नसलेलं) सगळं सारखंच, सगळ्याला उत्तर 'नाही'. माझ्या एका ॲपमधे स्टॉक 0 टाकला की "ही माहिती भरा" असा मेसेज यायचा, दोन दिवस डेटाबेस उकरत बसलो आणि चूक निघाली त्या एका इफमधे.

म्हणून आधी ठरवा की शोधायचंय काय. व्हॅल्यू आलीच नाही हे बघायचं असेल तर == नल लिहा, दोनच बरोबरची चिन्हं, याने नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही पकडले जातात आणि 0 ला धक्का लागत नाही. एरवी मी === चाच (ज्यात व्हॅल्यूचा प्रकारही जुळावा लागतो) आग्रह धरतो पण इथे == च बरं. टाइपऑफने (typeof, व्हॅल्यूचा प्रकार सांगतं) नल शोधायला जाऊ नका, ते त्याला ऑब्जेक्ट म्हणतं, भाषेतली पहिल्यापासूनची चूक आहे ती.

डिफॉल्ट, म्हणजे व्हॅल्यू नसेल तेव्हा वापरायची ठरलेली व्हॅल्यू, द्यायचा असेल तर || नको, ?? वापरा, 2020 पासून भाषेतच आहे. || लिहिलं तर यूजरने मुद्दाम 0 दिला तरी तुमचा डिफॉल्टच जाऊन बसतो. फक्त ?? रिकामी स्ट्रिंग तशीच ठेवतं, ती वेगळी बघावी लागते.

मजकूर असेल तर आधी ट्रिम करा, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पेस काढा, नुसत्या स्पेस दिलेल्या पण भरलेल्या दिसतात. आणि हे आकड्यात बदलायच्या आधी करा बरं का, कारण रिकाम्या स्ट्रिंगला नंबर केलं की सरळ 0 मिळतो, मग खरा 0 कुठला आणि न भरलेला कुठला काही कळत नाही. ॲरे (व्हॅल्यूंची यादी) रिकामा असला तरी इफमधे पास होतो, त्याची लेंग्थ बघा.

पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) वाल्यांनी एम्प्टी (empty, रिकामं आहे का बघणारं) जपून वापरा, "0" ही स्ट्रिंगसुद्धा त्याला रिकामी वाटते. इसेट (isset, व्हॅल्यू आहे का बघणारं) पण नल असेल तर फॉल्सच देतं. एसक्यूएलमधे (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) = नल लिहून एकही रो मिळणार नाही, इज नल (IS NULL) लिहायचं.

आणि हे सगळं सर्व्हरवर पण करा, ब्राउझरमधला चेक कोणीही चुकवू शकतो. टेस्ट करताना प्रत्येक फील्डला चार गोष्टी द्या: काहीच न भरता, नुसत्या स्पेस, 0, आणि चौथं म्हणजे रिक्वेस्टमधून ते फील्डच काढून टाकून. चेकबॉक्सला टिक नसली की नेमकं हेच होतं, त्याचं नाव सर्व्हरकडे जातच नाही.