फॉर्म भरला, मार्क होते, तरी स्कॉलरशिप नाही आली? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या नागपूरच्या नंदनवनमधल्या घरी एखादं तरी पोट्टं मार्कशीट घेऊन येतंच, "काका, 82 टक्के आहे, स्कॉलरशिप भेटन का?" मी मार्कशीट बाजूला ठेवतो अन् पहिले आधार आणि पासबुक मागतो. इतकी वर्षं पोरांचे फॉर्म भरून राहिलो, मार्क कमी म्हणून पैसे गेले असे कमी पाहिले, कागदात अटकलेलेच जास्त.

मार्कांवरून तर पोरं उगाच माघार घेतात. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर केंद्राची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप आहे, ग्रॅज्युएशनला वर्षाला 12,000, घरचं उत्पन्न साडेचार लाखापर्यंत. अट आहे 80 पर्सेंटाइलच्या वर आणि लोक वाचतात 80 टक्के! पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या बोर्डात तुमच्या स्ट्रीमला पास झालेल्या 100 पैकी 80 जणांच्या पुढे असणं, त्यामुळे टक्के 80 पेक्षा कमी असले तरी तुम्ही बसू शकता. बोर्डाचा कटऑफ पाहा, मग ठरवा.

इन्स्पायर या केंद्राच्या सायन्सच्या स्कॉलरशिपचं उलटं. वर्षाला 80,000 ऐकून सगळे धावतात (त्यातले हातात 60,000, बाकी 20,000 समर प्रोजेक्टचे), पण ती मुख्यतः बोर्डातल्या टॉप 1 टक्क्यासाठी आणि तेही बीएस्सीसारखं बेसिक सायन्स घेतलं तरच. इंजिनिअरिंगला गेला की विषय संपला. इंजिनिअरिंगच्या पोरींनी प्रगती स्कॉलरशिप पाहावी, वर्षाला 50,000, उत्पन्न आठ लाखापर्यंत, कॉलेज एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता असलेलं पाहिजे.

आता मोठी चूक, जी अॅडमिशनच्या दिवशीच होते आणि मग सुधारत नाही. कॅप राउंडला (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेला) थांबायचं टेन्शन नको म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची शाहू महाराज शिष्यवृत्ती हातची जाते. 2024-25 पासून आठ लाखाच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण तीही कॅपमधूनच. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या, सीटाही तिथेच असतात, मेरिटवर.

खासगी युनिव्हर्सिटीवाले "50 टक्के मेरिट स्कॉलरशिप" म्हणतात तेव्हा विचारा, कशाच्या 50 टक्के? बहुतेक वेळा फक्त ट्यूशनच्या, हॉस्टेल-मेस वेगळं, आणि सीजीपीए घसरला की पुढच्या वर्षी बंद. लेखी घ्या. सूट वजा करूनही सरकारी कॉलेजपेक्षा जास्त भरावे लागत असतील तर कसली स्कॉलरशिप ती.

आधार सीडिंगचं, म्हणजे सरकारी पैसे यायला खातं आधारला जोडण्याचं, तर आमच्या घरीच झालं. भाचीचं स्टेटस पेमेंट झालं म्हणून दाखवे आणि पासबुकात काहीच नाही, आम्ही बँकेत तीन चकरा मारल्या, तिथे एकच उत्तर, "आधार लिंक आहे मॅडम." लिंक होतं, पण ते केवायसीसाठी. सरकारी पैसा जातो तो जे खातं शेवटचं सीड झालं त्याच्यात, आणि ही बाई वर्षभरापूर्वी बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) सिमकार्ड घेताना दुकानदाराच्या सांगण्यावरून एक खातं उघडून बसली होती, तिला आठवतही नव्हतं. पैसे तिथेच पडून! आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटांत दिसतं, फॉर्मच्या आधी पाहा.

उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढा, नंतर सेतूत गर्दी असते.

सबमिट केलं म्हणजे झालं असंही नाही. फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथला क्लार्क व्हेरिफाय करेपर्यंत तो तिथेच, आणि मार्कशीट धूसर आली तर परत पाठवतात. आठवड्यातून एकदा लॉगिन करून पाहत जा. पुढच्या वर्षी रिन्यूअलही करावं लागतं, सेंट्रल सेक्टरला 50 टक्के मार्क आणि 75 टक्के हजेरी पाहतात.

अन् कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर टाकू नका बाप्पा. आमच्या गल्लीतल्या एका पोराचं रिन्यूअल त्याच्यातच अटकलं आहे, कॅफे बंद झाला, मालक पुण्याला गेला, आणि ओटीपी अजून त्याच्याच फोनवर जाऊन राहिला.