डॅशकॅम घेताय? आधी ऊन, कार्ड आणि वायरिंगचा विचार करा

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर बसून रस्ता सतत रेकॉर्ड करणारा कॅमेरा, घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, फोर के आहे का? माझं म्हणणं एवढंच की कॅमेरा किती भारी आहे यापेक्षा ज्या दिवशी कोणीतरी येऊन ठोकेल त्या दिवशी ते एक मिनिट कार्डावर सापडलं पाहिजे आणि त्यात नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. बाकी सगळं त्याच्यानंतर. आणि ते मिनिट सापडत नाही याची कारणं बघितली तर बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्याचा नसतो, कार्ड मेलेलं असतं, नाहीतर उन्हाने बॅटरी फुगलेली असते, नाहीतर वायर सैल होऊन कॅमेरा महिनाभर बंदच असतो आणि कोणाचं लक्षच नसतं.

पहिलं ऊन. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा 44-45 ला जातो आणि बंद गाडीत काचेजवळ त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, आणि कॅमेरा नेमका तिथेच चिकटवलेला असतो. म्हणून बॉक्सवर सगळ्यात आधी सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडा करंट साठवणारा भाग) लिहिलंय का ते बघा. स्वस्त कॅमेऱ्यांमध्ये छोटी लिथियम बॅटरी असते, ती एक-दोन उन्हाळ्यांत फुगते, मग कव्हर उचकटतं, तारीख-वेळ रिसेट होते, आणि गाडी बंद झाल्यावर शेवटची फाईल नीट सेव्ह होत नाही. सुपरकपॅसिटर उष्णता बराच जास्त सहन करतो, गाडी बंद झाल्यावर फाईल नीट बंद करण्यापुरता करंट देतो, बस तेवढंच त्याचं काम. व्हायोफोच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हाच असतो, बाकी सेव्हन्टीमाय, क्यूबो, डीडीपाय वगैरे ब्रँड्समध्ये मॉडेलप्रमाणे फरक आहे, त्यामुळे ब्रँडवर जाऊ नका, त्या मॉडेलचं पान उघडून वाचा. पुण्या-मुंबईत गाडी रोज बेसमेंटमध्ये उभी असते त्यांना बॅटरीवाला चालेलही, पण अकोला, चंद्रपूर, जळगाव, सोलापूर, जिथे ऑफिसबाहेर उघड्यावर गाडी लागते तिथे पैसे इथेच घाला.

रिझोल्यूशनचं, म्हणजे चित्र किती बारकाईने टिपलं जातं त्याचं, म्हणाल तर 1080पी मध्ये दिवसा समोरच्या गाडीची प्लेट जवळ असेल तर दिसते, लेन सोडून पळणाऱ्याची नाही दिसत. 2के म्हणजे 1440पी हा मधला चांगला पर्याय. फोर के घ्यायचा तर सेन्सर कोणता आहे ते बघा, सोनीचा स्टारव्हिस, म्हणजे कमी उजेडासाठी बनवलेला सेन्सर, असेल तर रात्री फरक पडतो, नाहीतर नुसता आकडा मोठा. अँगल 170 डिग्री असं अभिमानाने लिहितात पण जितका अँगल मोठा तितकी समोरची प्लेट बारीक दिसते, 130-140 पुरतो. आणि रात्रीबद्दल आधीच सांगून ठेवतो, हेडलाइटच्या झोतात प्लेट पांढरी फट्ट होते, कितीही महाग कॅमेरा घेतला तरी कधीकधी होणारच, त्यामुळे गाडी ठोकून कोणी पळालं तर नंबर मोठ्याने बोलून टाका, माइक चालू असेल तर तो आवाजात रेकॉर्ड होतो. घरच्यांच्या गप्पा नको असतील म्हणून माइक बंद ठेवणारे आहेत, चालतं, पण मग ही सोय जाते.

मागचा कॅमेरा घ्यावा का? बजेट असेल तर घ्याच. सिग्नलला उभं असताना मागून ठोकतात आणि वर उतरून आपल्यावरच ओरडतात की तू रिव्हर्स घेतलीस, हे शहरात जेवढं होतं तेवढं दुसरं काही होत नाही. पण मागच्या कॅमेऱ्याची वायर छताच्या लायनिंगमधून नेऊन हॅचबॅकच्या डिकीच्या दारात रबराच्या नळीतून न्यावी लागते, आणि ती नळीतली ओढाताण खरंच किचकट आहे, तेवढं अॅक्सेसरीजवाल्याकडून करून घ्या. पुढचा कॅमेरा मात्र घरी बसवता येतो.

कार्डाबद्दल जरा लांब लिहितो कारण इथेच सगळे काटकसर करतात. डॅशकॅम सतत लिहीत असतो, कार्ड भरलं की सगळ्यात जुनी फाईल पुसून तिच्यावर पुन्हा लिहितो, त्याला लूप रेकॉर्डिंग म्हणतात. मोबाइलमधलं साधं कार्ड या माऱ्यात लवकर संपतं. एन्ड्युरन्स लिहिलेलं कार्ड घ्या, सॅनडिस्कचं हाय एन्ड्युरन्स किंवा मॅक्स एन्ड्युरन्स, सॅमसंगचं प्रो एन्ड्युरन्स. 15 एमबीपीएसने (सेकंदाला 15 मेगाबिट) 1080पी रेकॉर्ड होत असेल तर तासाला साधारण पावणेसात जीबी लागतात, म्हणजे 64 जीबीत नऊ-साडेनऊ तास, आणि फोर के किंवा दोन कॅमेरे असतील तर हे निम्म्याहून खाली येतं, तेव्हा 128 घ्या. नागपूरहून समृद्धीने मुंबई गाठायची तर 701 किलोमीटर, मुक्कामी पोहोचेपर्यंत सकाळचं फुटेज पुसलं जाऊ नये एवढी जागा हवी. ऑनलाइन बनावट कार्डं खूप येतात, लेबल 128 चं आणि आत 16, म्हणून नवीन कार्ड आधी कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने तपासा, वेळ लागतो पण एकदाच करायचंय.

आता बसवणं. जागा म्हणजे मधल्या आरशाच्या मागे, डाव्या बाजूला, ड्रायव्हरच्या नजरेआड. तीन गोष्टी बघायच्या. वायपर जिथून फिरतो त्या पट्ट्यात लेन्स यायला हवी, नाहीतर पावसाळ्यात आंबोली घाटात तुम्हाला रस्ता दिसेल आणि कॅमेऱ्याला नुसतं पाणी. दुसरं, फास्टॅग तिथेच आसपास लावलेला असतो, तो झाकू नका. तिसरं, नव्या गाड्यांत आरशाच्या मागे रेन सेन्सर किंवा एडासचा (ड्रायव्हरला ब्रेक, लेन वगैरेत मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असतो, त्याच्यासमोर काही येता कामा नये. काचेच्या कडेला काळे ठिपके असतात त्यांच्यावर टेप नीट धरत नाही, त्यामुळे स्वच्छ काचेवरच लावा.

काच सकाळी सावलीत, थंड असताना, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉलिश किंवा साबणाचा थर राहिला की टेप सुटते. सोबत पारदर्शक स्टॅटिक शीट आली असेल तर आधी ती लावा, जुन्या एटीएम कार्डाने आतून बाहेर दाबत बुडबुडे काढा, मग तिच्यावर माउंट चिकटवा, म्हणजे उद्या काढताना काचेवर डिंक राहत नाही. माउंट अर्धा मिनिट जोरात दाबून धरा आणि शक्य असेल तर कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवा. पण चिकटवायच्या आधी गाडी चालू करून मोबाइलवर लाइव्ह चित्र बघा, खाली बोनेटची अगदी बारीक कड दिसली पाहिजे आणि आकाश फ्रेमच्या निम्म्यापेक्षा कमी, आकाश जास्त आलं की कॅमेरा उजेडाला भुलून रस्ता काळा करतो. डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती, पांढरा रुमाल किंवा चकचकीत पॉलिश असेल तर त्याचं प्रतिबिंब काचेतून फुटेजमध्ये येतं, मूर्ती जरा बाजूला सरकवा किंवा लेन्सवर प्रतिबिंब कमी करणारा सीपीएल फिल्टर लावा.

वायर. सोप्यात सोपं म्हणजे लायटर सॉकेट, बॉक्समधलाच चार्जर वापरायचा. गाडीच्या यूएसबी पोर्टमध्ये घालू नका, बऱ्याच गाड्यांत तो अर्धाच अँपिअर देतो आणि कॅमेरा मधेच बंद-चालू होत राहतो. वायर आरशापासून वर नेऊन छताच्या लायनिंगच्या कडेत बोटाने खुपसत डावीकडे न्या, तिथून खाली दाराचं रबर बीडिंग थोडं ओढून त्याच्या आत बसवत ग्लोव्ह बॉक्सच्या खालून मधल्या कन्सोलला. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, प्लास्टिकची पट्टी घ्या. आणि एक गोष्ट नीट ऐका, पुढच्या खांबाच्या कव्हरवर एअरबॅग असं लिहिलं असेल तर वायर त्या एअरबॅगच्या समोरून कधीही नेऊ नका, एअरबॅग फुगताना वायर आडवी आली की ती नीट उघडणार नाही. वायर तिच्या मागून गेली पाहिजे, आणि ते कव्हर उघडायची खात्री नसेल तर एवढं काम जाणकाराला द्या, इथे धाडस नको.

गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग, म्हणजे पार्किंग मोड, हवं असेल तर हार्डवायर किट लागतं, ते गाडीच्या फ्यूज बॉक्समधून थेट करंट घेतं. त्यात तीन वायर, एक कायम करंटची, एक इग्निशन चालू झाल्यावर करंट येणारी आणि एक अर्थ. रंगावर विश्वास न ठेवता किटचा कागद वाचा. बऱ्याच गाड्यांत फ्यूज बॉक्स स्टिअरिंगखाली असतो, तिथे फ्यूज टॅप, म्हणजे जुन्या फ्यूजच्या जागी बसून शेजारी दुसरा फ्यूज देणारा जोड, लावायचा, म्हणजे गाडीची मूळ वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीचा वाद टळतो. एअरबॅग, एबीएस, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या फ्यूजला हात लावू नका, लायटर सॉकेटचा इग्निशनसाठी आणि आतल्या दिव्याचा कायम करंटसाठी ठीक. फ्यूज काढून मल्टिमीटरने बघा दोन खाचांपैकी कोणत्या खाचेत 12 व्होल्ट येतात, टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना कॉमन आहे तो त्या खाचेत गेला पाहिजे, उलटा लावला तरी कॅमेरा चालतो पण मग कॅमेऱ्याचा करंटही जुन्या फ्यूजमधूनच जातो. अर्थची वायर रंग नसलेल्या, थेट बॉडीत बसलेल्या बोल्टला घट्ट लावा. राहिलेली वायर गुंडाळून टायने बांधा, पेडलजवळ लोंबकळता कामा नये. छोट्या गाडीची बॅटरी साधारण 35 एएचची (अँपिअर-तास) म्हणजे लहानच असते, त्यामुळे किटचा कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टला किट कॅमेरा बंद करतं तो आकडा, खालच्या टोकाला ठेवू नका, 12.2 व्होल्टच्या आसपास ठेवा. गाडी चार-पाच दिवस हलणार नसेल तर पार्किंग मोड बंदच करा.

सेटिंगमध्ये टाइमझोन 5:30 करा, क्लिप एक किंवा तीन मिनिटांची, आणि जी-सेन्सर, म्हणजे धक्का ओळखून फाईल जपून ठेवणारा सेन्सर, लो वर. आपल्या खड्ड्यांमध्ये हाय ठेवला तर प्रत्येक दणक्याला फाईल लॉक होते, लॉक झालेल्या फाईली पुसल्या जात नाहीत, आणि कार्ड त्यांनीच भरून जातं. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातूनच कार्ड फॉरमॅट करा आणि त्याआधी एखादी क्लिप मोबाइलवर नाही, मोठ्या स्क्रीनवर उघडून बघा, प्लेट वाचता येते का.

आणि अपघात झालाच तर आधी माणसं बघा, 112 ला फोन, राष्ट्रीय महामार्गावर 1033. मग कॅमेऱ्याचं लॉकचं बटण दाबा, कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवा, तेच कार्ड पुन्हा लावून गाडी चालवू नका. फाईल कापू नका, वर गाणं-बाण काही टाकू नका, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि प्लेट जाते, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या आणि पोलिसांकडून पोच घ्या. 1 जुलै 2024 पासून एव्हिडन्स अॅक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी पूर्वी जे 65बी चं सर्टिफिकेट म्हणायचे ते आता कलम 63 खाली द्यावं लागतं आणि त्या नमुन्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल जराही बदलली की बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) लिहायची असते, एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. म्हणून कॉपी केल्या केल्या त्या फाईलचा एसएचए-256 (हॅशचाच एक प्रकार) काढून लिहून ठेवा आणि मूळ कार्ड पाकिटात बंद करून त्यावर तारीख घाला, वकील आणि इन्शुरन्सवाले दोघंही पहिल्यांदा तेच मागतील.