न्यूट्रॉन ताऱ्यावर क्वांटम ग्रॅव्हिटीचा परिणाम कसा तपासायचा

न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठा तारा कोसळून उरलेला अतिघन गोळा, आणि क्वांटम ग्रॅव्हिटी म्हणजे गुरुत्वाकर्षणाला क्वांटम नियम लावायचा प्रयत्न. त्याचा परिणाम ताऱ्यावर दिसतो का हे तपासायचा कोड लिहायच्या आधी कागदावर एक हिशोब करा. प्लँक लांबी (ज्या मापाला क्वांटम ग्रॅव्हिटी महत्त्वाची ठरते ते) साधारण १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात मीटर, ताऱ्याची त्रिज्या धरा १२ किमी, भागाकार करून वर्ग घेतला की १० चा उणे ७८ वा घात असं काहीतरी येतं, आणि क्वांटम करेक्शन, म्हणजे आइनस्टाईनच्या गुरुत्वाच्या समीकरणात क्वांटम परिणामाने पडणारी भर, सरळ काढलं तर ते याच मापाचं असतं. म्हणजे दिसणारच नाही.

मग करायचं कशाला? कारण या करेक्शनमुळे त्या समीकरणात अवकाश-काळाच्या वक्रतेच्या वर्गाची टर्म येते (भौतिकशास्त्रज्ञ स्टारोबिन्स्कीने १९८० मध्ये विश्वाच्या सुरुवातीसाठी हेच वापरलं), आणि तिच्यापुढचा गुणक, अल्फा, किती हे नुसत्या थिअरीतून निघत नाही, मोजूनच ठरवावं लागतं. म्हणून अल्फा मोकळा ठेवायचा आणि ताऱ्यालाच विचारायचं, मला तरी हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

आधी अल्फा शून्य ठेवून टीओव्ही समीकरण (ताऱ्यात गुरुत्व आणि दाब यांचा तोल सांगणारं) सोडवा. केंद्राची घनता द्या, बाहेर सरकत जा, दाब शून्य झाला की पृष्ठभाग आला. अगदी शून्य त्रिज्येपासून सुरू करू नका, शून्याने भागलं जातं, मीटरभर अंतरावरून करा. कोड बरोबर आहे का बघायला फक्त न्यूट्रॉनचा आयडियल वायू टाका, जास्तीत जास्त वस्तुमान सूर्याच्या ०.७ पट यायला हवं, १९३९ मध्ये ओपनहायमर आणि व्होल्कॉफना तेच मिळालं होतं. वेगळं आलं तर आधी युनिट्स तपासा.

आता अल्फा घाला. समीकरण चौथ्या ऑर्डरचं होतं, त्यामुळे केंद्रातली स्केलर वक्रता (त्या जागची वक्रता सांगणारा एक आकडा) अंदाजाने धरायची, लांबवर ती शून्याकडे जाते का बघायचं, नाही गेली तर अंदाज बदलून परत. आणि इथे पृष्ठभागावर थांबू नका!! साध्या सापेक्षतेत ताऱ्याबाहेर ही वक्रता लगेच शून्य असते, इथे ती हळूहळू विरते आणि दुरून मोजलेल्या वस्तुमानात या विरणाऱ्या वक्रतेचा थरही धरला जातो.

शेवटी वस्तुमान-त्रिज्या आलेख काढा. जे०७४०+६६२० हा पल्सार (फिरताना नियमित स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा) सूर्याच्या साधारण २.०८ पट जड आहे, तिथपर्यंत न पोचणारं मॉडेल बाद. मग इक्वेशन ऑफ स्टेट (कुठल्या घनतेला किती दाब हे सांगणारा नियम) बदलून तोच आलेख परत काढा, त्याने पडलेला फरक अल्फाच्या फरकापेक्षा मोठा असेल तर त्या आलेखावरून अल्फाबद्दल काहीच बोलता येत नाही.